विद्यार्थिकल्याण संघटनांचे एकीकरण, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालये व विद्यापीठे यांमधून विद्यार्थिकल्याणाचे कार्य करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दोन प्रमुख व्यावसायिक संघटना एकत्र आणण्याचा जो प्रयत्न २०११ च्या सभासद-मतदानापर्यंत जाऊन पोहोचला, त्याचा व त्यामागील इतिहासाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या दोहोंपैकी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्टूडंट पर्सोनेल ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही संघटना आपला आरंभ १९१९ पासून मानते व ती नॅस्पा या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ‘अमेरिकन कॉलेज पर्सोनेल असोसिएशन’ अथवा एसीपीए या दुसऱ्या संघटनेचा उगम १९२४ मधील आहे. दोन्ही संघटनांची कार्यक्षेत्रे बव्हंशी समान असून अनेक व्यक्ती एकाच वेळी दोहोंच्या सभासद असत. एकीकरणाच्या प्रस्तावास प्रत्येक संघटनेतील मतदारांपैकी दोन-तृतीयांशांची संमती आवश्यक होती. एसीपीएच्या मतदारांपैकी ८१ टक्के व नॅस्पाच्या मतदारांपैकी ६२ टक्के सभासदांनी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले. दोन्हीकडे बहुसंख्य सभासद अनुकूल असूनही प्रस्ताव बारगळला. समान कार्य करणाऱ्या संघटना एकत्र येणे स्वाभाविक वाटत असले, तरी प्रत्यक्षात ते का कठीण जाते, हे समजून घेण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

संज्ञा व व्याप्ती : अध्यापन व ग्रंथालय यांव्यतिरिक्त विद्यार्थ्यांच्या जीवनाशी निगडित असलेल्या सर्व सेवांचा समावेश अमेरिकेत विद्यार्थिकल्याण या कार्यक्षेत्रात केला जातो. वसतिगृहांची व्यवस्था, समुपदेशन, व्यवसायमार्गदर्शन, शिस्तपालन, विद्यार्थिसंघ व सांस्कृतिक उपक्रम, नवागतांचे स्वागत व परिचयवर्ग, दिव्यांग विद्यार्थ्यांना साहाय्य इ. कामे त्यात येतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत यांपैकी काही कामे पूर्वी विद्यार्थी कल्याण मंडळाकडे असत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने त्याच्या जागी विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली. अमेरिकेत मात्र या कामास स्वतंत्र व्यवसायाचे स्वरूप लाभले असून त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम, संशोधनपत्रिका व आचारसंहिता आहेत.

व्यावसायिक संघटना ही कामगार संघटनेहून भिन्न असते. ती मालकाशी वेतनाच्या वाटाघाटी करीत नाही. ज्ञानाची देवघेव, प्रशिक्षण, सेवेची मानके ठरविणे व शासनापुढे व्यवसायाची बाजू मांडणे, ही तिची प्रमुख कामे होत. अशा दोन संघटनांमधील सहकार्याचे स्थूलमानाने चार प्रकार संभवतात : (१) दोन्ही संघटना स्वतंत्र राहून एखादे समन्वय मंडळ स्थापन करतात, (२) अनेक संघटना एका महासंघाच्या शाखा बनतात व काही अधिकार त्याच्याकडे सोपवितात, (३) एक संघटना दुसरीत सामील होते व तिचे पृथक् अस्तित्व संपते, (४) दोन्ही संघटना आपले पूर्वरूप सोडून नवी संघटना निर्माण करतात. यांपैकी शेवटच्या प्रकारास काटेकोर अर्थाने एकीकरण म्हणता येईल. अमेरिकेतील विद्यार्थिकल्याणाच्या क्षेत्रात पहिले दोन प्रकार प्रत्यक्षात येऊन गेले होते. २०११ चा प्रस्ताव शेवटच्या प्रकारातील होता.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतील लहान महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या वर्तनावर व राहणीवर देखरेख ठेवण्याचे काम अध्यक्ष व अध्यापक हेच करीत. विद्यार्थिसंख्या वाढली, अध्यापक संशोधनाकडे वळले व स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, तसतशी या कामासाठी स्वतंत्र अधिकाऱ्याची गरज भासू लागली. हार्व्हर्ड येथे १८९१ मध्ये लबॅरन रसेल ब्रिग्झ यांच्याकडे विद्यार्थ्यांशी संबंधित अधिष्ठातापद सोपविण्यात आले. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले, तेव्हा ॲलिस फ्रीमन पामर व त्यांच्या सहकारी मेरियन टॅलबट यांच्याकडे विद्यार्थिनींची जबाबदारी देण्यात आली. टॅलबट पुढे तेथील महिला-अधिष्ठात्री झाल्या व १९२५ पर्यंत त्या पदावर होत्या. इलिनॉय विद्यापीठात टॉमस आर्कल क्लार्क यांना १९०९ मध्ये पुरुष-अधिष्ठाता ही पदवी देण्यात आली. सहशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांतून विद्यार्थ्यांसाठी पुरुष-अधिष्ठाता व विद्यार्थिनींसाठी महिला-अधिष्ठात्री अशी जोडपदे त्यानंतर रूढ झाली.

या विभागणीमुळे संघटनाही वेगवेगळ्या उगमांतून निर्माण झाल्या. सर्वप्रथम संघटित झाल्या त्या महिला-अधिष्ठात्री. मध्य-पश्चिम भागातील महिला-अधिष्ठात्रींची परिषद १९०३ मध्ये भरली होती. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ डीन्स ऑफ विमेन’ ही त्यांची राष्ट्रीय संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली व कॅथरिन सिसन मॅक्लेन (पुढे फिलिप्स) या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. एखाद्या विद्यापीठात अधिकारपदावर असलेली ही बहुधा एकमेव स्त्री असे. त्यामुळे समव्यवसायी स्त्रियांशी संपर्क साधण्याचे ही संघटना हे एक मोठे साधन ठरले.

पुरुष-अधिष्ठात्यांची पहिली बैठक १९१९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसन येथे स्कॉट गुडनाइट यांच्या पुढाकाराने झाली. मध्य-पश्चिमेकडील मोजक्या विद्यापीठांचे अधिष्ठाते तीस उपस्थित होते. अडचणींची चर्चा करण्यासाठी जमलेल्या सहव्यवसायींचे एक छोटे मंडळ, असेच तिचे आरंभीचे रूप होते. पुढे तिने ‘नॅशनल असोसिएशन ऑफ डीन्स अँड ॲडव्हायझर्स ऑफ मेन’ हे नाव घेतले. १९५१ मध्ये हे नाव बदलून नॅस्पा हे नाव स्वीकारण्यात आले. तिचे सभासदत्व दीर्घकाळ प्रामुख्याने संस्थांकडे होते. संस्थेचा विद्यार्थिकल्याणप्रमुख तिचे प्रतिनिधित्व करी. संघटनेची प्रशासकीय वृत्ती या रचनेतून घडली.

एसीपीएचा उगम याहून निराळा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे पदवीधरांना, विशेषतः भावी शिक्षकांना, नोकऱ्या मिळवून देण्याचे काम करणाऱ्या मे एल. चेनी यांनी समव्यवसायींना एकत्र आणून १९२४ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ अपॉइंटमेंट सेक्रेटरीज’ ही संघटना स्थापन केली. तिचे कार्यक्षेत्र विस्तारत जाऊन १९३१ मध्ये तिला अमेरिकन कॉलेज पर्सोनेल असोसिएशन हे नाव मिळाले. समुपदेशक, मानसशास्त्रीय चाचण्यांचे जाणकार, या विषयाचे प्राध्यापक व कनिष्ठ अधिकारी असे विविध प्रकारचे व्यक्तिगत सभासद तीत येत गेले. स्त्रियांना तीत आरंभापासून नेतृत्वाची संधी होती. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील एस्थर लॉइड-जोन्स या १९३५ ते १९३७ या काळात तिच्या अध्यक्षा होत्या. याउलट, नॅस्पाच्या अध्यक्षपदी स्त्री येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ॲलिस मॅनिकर या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

समान तत्त्वज्ञान : संघटना निरनिराळ्या असल्या, तरी त्यांच्या कार्यामागील विचार हळूहळू एक होत गेला. ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ या शिखर संस्थेने १९३७ मध्ये ‘द स्टूडंट पर्सोनेल पॉइंट ऑफ व्ह्यू’ हे निवेदन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याच्या केवळ बौद्धिक प्रगतीचा विचार न करता त्याच्या समग्र व्यक्तिमत्त्वाचा विचार शिक्षणसंस्थेने करावा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटनांमध्ये समन्वय असावा, अशी निकडही त्यात व्यक्त झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, ई. जी. विल्यमसन यांच्या नेतृत्वाखाली या निवेदनाची सुधारित आवृत्ती तयार झाली. ही दोन्ही निवेदने सर्वच संघटनांना आधारभूत वाटत आली आहेत.

१९६० नंतर या व्यवसायाचे स्वरूप पालटले. महाविद्यालय विद्यार्थ्याच्या पालकस्थानी असते, हे जुने तत्त्व न्यायालयांनी बाजूस सारले. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ’ या १९६१ च्या खटल्यात, सार्वजनिक महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काढून टाकण्यापूर्वी त्यास सूचना व आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा निर्णय देण्यात आला. १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ वर्षांवर आले. शिस्तपालनाचे जुने कार्य संकुचित होऊ लागले, तेव्हा विद्यार्थ्याच्या विकासाचे शास्त्र हा व्यवसायाचा नवा पाया मानावा, असा विचार एसीपीएत बळावला. रॉबर्ट ब्राउन यांचा या विषयावरील प्रबंध तिने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. नॅस्पाच्या विचारविश्वात मात्र संस्थेचे प्रशासन, धोरण व साधनसंपत्ती या प्रश्नांना प्राधान्य राहिले. हा भेद प्रमाणाचा होता, तत्त्वाचा नव्हता. तथापि सभासदांची स्वतःविषयीची प्रतिमा त्यातून घडली. एकाला आपण शिक्षक आहोत असे वाटे, तर दुसऱ्याला आपण प्रशासक आहोत असे वाटे.

महासंघ व समन्वय मंडळे : एसीपीएने महासंघाचा मार्ग प्रथम अनुसरला. मार्गदर्शन व समुपदेशन या क्षेत्रांतील अन्य संघटनांसह तिने १९५२ मध्ये ‘अमेरिकन पर्सोनेल अँड गायडन्स असोसिएशन’ हा महासंघ स्थापन केला व ती त्याची शाखा बनली. महिला-अधिष्ठात्रींची संघटना मात्र त्यात गेली नाही. महासंघात शालेय समुपदेशकांचे व अन्य समुपदेशकांचे प्राबल्य वाढत गेल्यावर महाविद्यालयीन अधिकाऱ्यांचे प्रश्न मागे पडू लागले. अखेर चार दशकांनंतर, १९९२ मध्ये, एसीपीए महासंघातून बाहेर पडून पूर्णतः स्वतंत्र झाली. मोठ्या संघटनेत शाखा म्हणून राहण्याचे लाभ व तोटे या दोहोंचा अनुभव तिच्या गाठी होता.

दुसरा मार्ग समन्वय मंडळाचा होता. १९६३ पासून विद्यार्थिकल्याणाच्या अनेक संघटनांनी एक आंतर-संघटना परिषद चालविली. तिने व्यवसायाची उद्दिष्टे व शिक्षणक्रम यांविषयी एक महत्त्वाचे निवेदन तयार केले. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच सुमारास परिषद विसर्जित झाली. निर्णय अमलात आणण्याचा अधिकार नसलेल्या मंडळाच्या मर्यादा त्यातून स्पष्ट झाल्या. १९७९ मध्ये स्थापन झालेली मानक परिषद मात्र टिकून राहिली. सेवांची मानके ठरविणे एवढेच मर्यादित व निश्चित कार्य तिने अंगीकारले व १९८६ मध्ये मानकांचा पहिला संच प्रसिद्ध केला. व्यापक उद्दिष्टांच्या मंडळापेक्षा एका निश्चित कामासाठी केलेले सहकार्य अधिक टिकाऊ ठरते, असा निष्कर्ष यावरून काढता येईल.

नॅस्पा व एसीपीए यांनी दशकातून एकदा संयुक्त अधिवेशन भरविण्याची प्रथाही पाडली. १९३७ च्या निवेदनास पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९८७ मध्ये शिकागो येथे, १९९७ मध्ये पुन्हा शिकागो येथे व २००७ मध्ये ऑर्लँडो येथे अशी अधिवेशने झाली. विद्यार्थिकल्याणाच्या सद्‌व्यवहाराची तत्त्वे दोघींनी मिळून १९९६–९७ च्या सुमारास तयार केली. अध्ययन हे वर्गाबाहेरही घडते व म्हणून अध्यापक आणि विद्यार्थिकल्याण अधिकारी यांचे कार्य परस्परपूरक आहे, हा विचार मांडणारे ‘लर्निंग रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक त्यांनी २००४ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केले. २००६ मधील त्याच्या उत्तरभागात आणखी पाच संघटना सहभागी झाल्या.

महिला संघटनेचे विसर्जन : एकीकरणाच्या प्रश्नात प्रत्यक्ष काय पणाला लागलेले असते, हे महिला-अधिष्ठात्रींच्या संघटनेच्या इतिहासावरून कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक विद्यापीठांनी पुरुष-अधिष्ठाता व महिला-अधिष्ठात्री ही दोन कार्यालये एकत्र करून विद्यार्थी-अधिष्ठाता हे एकच पद निर्माण केले. कागदोपत्री ही सुधारणा समतेची होती. प्रत्यक्षात नवे पद बहुधा पूर्वीच्या पुरुष-अधिष्ठात्यास मिळे व महिला-अधिष्ठात्री त्याची सहायक बने किंवा तिचे पद रद्द होई. कार्यालयांच्या एकीकरणामुळे विद्यापीठाच्या अध्यक्षापर्यंत थेट पोहोचणारा स्त्रियांचा एक आवाज अनेक ठिकाणी नाहीसा झाला.

त्यांच्या संघटनेने बदलत्या परिस्थितीस अनुसरून आपले नाव व कार्य वेळोवेळी बदलले. १९५६ मध्ये समुपदेशक स्त्रिया व १९७२ मध्ये प्रशासक स्त्रिया यांचा निर्देश नावात करण्यात आला. १९९१ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन फॉर विमेन इन एज्युकेशन’ असे व्यापक नाव घेतले गेले. तथापि अन्य संघटनांत स्त्रियांना मुक्त प्रवेश व नेतृत्व मिळू लागल्यावर तिची सभासदसंख्या घटत गेली व २००० मध्ये ती विसर्जित झाली. तिने सुरू केलेली विद्यार्थिनी-नेतृत्वाची वार्षिक परिषद अन्य संस्थांनी पुढे चालविली व नॅस्पाने २००८ मध्ये उच्च शिक्षणातील स्त्रियांविषयी स्वतंत्र संशोधनपत्रिका सुरू केली. कार्याचे काही अंश अशा रीतीने शिल्लक राहिले. परंतु स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेली स्वायत्त संघटना मात्र उरली नाही. उद्दिष्ट साध्य झाल्याने तिची गरज संपली, असे काहींस वाटते. तर स्वतंत्र व्यासपीठ गमावल्याने प्रश्नांची धार बोथट झाली, असे इतरांचे मत आहे. दोन्ही मतांत तथ्यांश आहे.

एकीकरणाचा प्रस्ताव : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात नॅस्पा व एसीपीए यांच्या कार्यकारी मंडळांनी एकीकरणाचा गंभीरपणे विचार सुरू केला. व्यवसायाच्या भवितव्याविषयी दोहोंनी नेमलेल्या कार्यगटाने २०१० मध्ये आपला अहवाल दिला. त्याच वर्षी विद्यार्थिकल्याण अधिकाऱ्याच्या अंगी असावयाच्या क्षमतांचा एक समाईक आराखडा दोन्ही संघटनांनी मान्य केला. व्यवसायाची व्याख्या एकत्रितपणे झाल्यावर संघटना दोन का असाव्यात, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. नव्या संघटनेची रचना, घटना व आर्थिक व्यवस्था यांचा आराखडा तयार करून तो सभासदांपुढे मतदानासाठी ठेवण्यात आला.

एकीकरणाची बाजू मुख्यतः कार्यक्षमतेवर व प्रभावावर आधारलेली होती. दोन्ही संघटनांची मुख्यालये वॉशिंग्टन येथे होती. त्यांची वार्षिक अधिवेशने प्रायः मार्च महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने भरत. त्यामुळे विद्यापीठांना दोन ठिकाणी अधिकारी पाठवावे लागत व दोन वर्गण्या भराव्या लागत. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर प्रवास व प्रशिक्षण यांवरील तरतुदींना कात्री लागल्यावर हा दुहेरी खर्च अधिक जाणवू लागला. शासनाशी, शिखर संस्थांशी व वृत्तपत्रांशी बोलताना व्यवसायाचा आवाज एकच असावा, हाही मुद्दा महत्त्वाचा होता. शिवाय, नव्याने व्यवसायात येणाऱ्या तरुणास दोन संघटनांमधील ऐतिहासिक भेद कळणे अवघड होते.

विरुद्ध बाजूस आकडेवारीत सहज न बसणारे मुद्दे होते. नॅस्पाचे कार्य भौगोलिक विभागांतून चाले व तिच्यात ज्येष्ठ प्रशासकांना मानाचे स्थान असे. एसीपीएचे कार्य विषयवार आयोग, स्थायी समित्या व राज्यशाखा यांमधून चाले. वंश, लिंग, दिव्यांगता इत्यादींशी निगडित असलेल्या सभासदगटांना तिच्या रचनेत निश्चित स्थान होते. नव्या संघटनेत यांपैकी कोणती रचना राहणार, हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न नव्हता. लहान समितीवर काम करता करता नेतृत्वाचे शिक्षण मिळते. दोन संघटनांची एक झाली, तर अशा जागा निम्म्याने घटण्याची शक्यता असते. मोठ्या संघटनेत नवख्या व्यक्तीची ओळख हरवते व अधिवेशने अवाढव्य होतात, हीही भीती असते. दोन संघटनांमधील स्पर्धेमुळे कार्यक्रमांचा व प्रकाशनांचा दर्जा राखला जातो, असाही युक्तिवाद करता येतो. नॅस्पा ही आकाराने मोठी होती. स्वतंत्रपणे चालू शकणाऱ्या संघटनेने आपले नाव व घडी का मोडावी, हा प्रश्न तिच्या सभासदांपुढे अधिक तीव्रतेने उभा होता.

मतदानाच्या निकालाचा अर्थ लावताना बहुमताच्या अटीकडे लक्ष देणे आवश्यक आहे. ६२ टक्के हे साध्या बहुमतापेक्षा बरेच अधिक असले, तरी ते दोन-तृतीयांशांहून, म्हणजे सुमारे ६६·७ टक्क्यांहून, कमी होते. नॅस्पाच्या मतदारांपैकी दर शंभरांत आणखी पाच जण अनुकूल असते, तर प्रस्ताव संमत झाला असता. सुमारे दोन-पंचमांश सभासद नाखूश असताना संघटना मोडू नये, हे अशा अटीमागील तत्त्व होय. विसर्जन हा सहसा परत न फिरविता येणारा निर्णय असल्याने बहुतेक संघटनांच्या घटनांत अशी तरतूद आढळते. मात्र तिच्यामुळे अल्पसंख्य गटास बहुसंख्यांच्या इच्छेवर नकाराधिकार मिळतो, हेही खरे आहे.

अन्य उदाहरणे : उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातील दोन यशस्वी एकीकरणांशी या प्रयत्नाची तुलना उद्‌बोधक ठरते. पहिले उदाहरण अमेरिकेतीलच आहे. विद्यापीठांतील संगणकवापराशी संबंधित ‘एज्युकॉम’ (स्था. १९६४) व ‘कॉज’ (१९७१) या दोन संघटना १९९८ मध्ये एक होऊन ‘एज्युकॉज’ ही संघटना निर्माण झाली. एज्युकॉमचा भर अध्यापन, संशोधन व संगणकजाल यांवर होता, तर कॉजचा भर वेतनपत्रके, प्रवेशनोंदी इ. प्रशासकीय संगणनावर होता. विद्यापीठांतील सर्व संगणन एकाच जालावर व बहुधा एकाच प्रमुखाच्या हाती आल्यावर हा भेद निरर्थक झाला. येथे संघटनांच्या एकीकरणापूर्वीच सभासदांच्या कामाचे एकीकरण झालेले होते.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील अध्यापक-संघटनांचे आहे. त्या कामगार संघटना असल्याने त्यांचे प्रयोजन काहीसे भिन्न होते. ‘असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी टीचर्स’ ही १९१९ मध्ये स्थापन झालेली संघटना जुन्या विद्यापीठांतील अध्यापकांचे प्रतिनिधित्व करी. ‘नॅटफी’ ही संघटना तांत्रिक महाविद्यालये व अध्यापक-विद्यालये यांमधील अध्यापकांच्या दोन संघटना एकत्र येऊन १९७६ मध्ये निर्माण झाली होती. १९९२ च्या कायद्यान्वये पॉलिटेक्निक संस्थांना विद्यापीठांचा दर्जा मिळाल्यावर एकाच प्रकारच्या संस्थांत दोन संघटना कार्य करू लागल्या. पुढे वेतनाच्या राष्ट्रीय वाटाघाटीही एकाच व्यासपीठावर होऊ लागल्या. डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झालेल्या मतदानात पहिल्या संघटनेच्या ७९·२ टक्के व नॅटफीच्या ९५·७ टक्के मतदारांनी एकीकरणास संमती दिली आणि १ जून २००६ रोजी ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ अस्तित्वात आली. त्याच सुमारास दोन्ही संघटना वेतनवाढीसाठी संयुक्त आंदोलन करीत होत्या. आरंभी दोन्ही जुन्या सरचिटणीसांनी संयुक्तपणे कारभार पाहिला व २००७ मध्ये निवडणूक होऊन सॅली हंट या एकमेव सरचिटणीस झाल्या. ब्रिटिश कायद्यानुसार कामगार संघटनांच्या एकीकरणास सामान्यतः साधे बहुमत पुरते. तरीही येथे त्याहून पुष्कळ अधिक पाठिंबा मिळाला. समोर एकच मालकवर्ग असणे, हे त्याचे प्रमुख कारण होय.

दोन्ही यशस्वी उदाहरणांत बाह्य परिस्थितीने जुना भेद आधीच पुसून टाकला होता. नॅस्पा व एसीपीए यांच्या बाबतीत कामातील भेद पुसट झाला होता. तथापि संघटनेशी असलेली निष्ठा व आत्मप्रतिमा यांतील भेद कायम होता आणि तो मिटविण्यास भाग पाडणारी कोणतीही निकड नव्हती. सहकार्य सुरळीत चालू असल्याने एकीकरणावाचून काही अडत नव्हते. सहकार्याचे यश हेच एकीकरणाच्या मार्गातील एक अडथळा ठरले, असे म्हणता येईल.

पुढील वाटचाल : मतदानानंतर दोन्ही संघटना स्वतंत्रपणे कार्य करीत राहिल्या, त्यांच्यातील सहकार्य मात्र खंडित झाले नाही. व्यावसायिक क्षमतांच्या आराखड्याची सुधारित आवृत्ती त्यांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केली. तीत दहा क्षमताक्षेत्रे निश्चित केलेली असून तंत्रविज्ञान या क्षेत्राचा पृथक् समावेश करण्यात आला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे अधिकाऱ्यांची निवड, प्रशिक्षण व मूल्यमापन यांसाठी हा आराखडा वापरतात. नॅस्पाने २०१९ मध्ये व एसीपीएने २०२४ मध्ये आपापली शताब्दी साजरी केली.

या इतिहासावरून असे दिसते, की व्यावसायिक संघटना ही केवळ सेवा पुरविणारी यंत्रणा नसते. सभासदास ती व्यवसायातील आपले स्थान, आपले सहकारी व आपली परंपरा मिळवून देते. खर्चाची बचत व प्रभावाची वाढ ही एकीकरणाची कारणे मंडळांच्या बैठकीत पुरेशी वाटतात. परंतु मतदान करणारा सभासद त्याच वेळी नव्या संघटनेत आपणास जागा राहील की नाही, याचाही विचार करीत असतो. कार्यालयांच्या एकीकरणानंतर महिला-अधिष्ठात्रींची जी स्थिती झाली, तीवरून हा विचार अनाठायी नसल्याचे दिसून येते. एकीकरणाच्या योजनेत लहान गटांचे स्थान, नेतृत्वाच्या जागा व निर्णयाचे अधिकार यांची निःसंदिग्ध हमी आरंभीच दिलेली असेल, तर तिला आवश्यक ते बहुमत मिळण्याचा संभव अधिक असतो. जेथे अशी हमी देता येत नाही, तेथे निश्चित कामापुरते सहकार्य हा पर्याय व्यवहार्य व कित्येकदा अधिक फलदायी ठरतो.